वाळवंटातल्या उत्सवासाठी सावलीचा मांडव: सोलापुरातून काय शिवून नेऊ?

जुळे_सोलापूर

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय नीट सल्ला मिळणार नाही म्हणून सविस्तर लिहितोय.

मी जुळे सोलापूरचा. नोकरीसाठी चार वर्षांपासून अमेरिकेत सॅन होजेला असतो. सध्या सुट्टीवर घरी आलोय, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात परत निघायचंय. त्याच महिन्याच्या शेवटी आम्ही सातजण नेवाडातल्या ब्लॅक रॉक वाळवंटात बर्निंग मॅनला जाणार आहोत. १९८६ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या समुद्रकिनाऱ्यावर एक लाकडी पुतळा जाळला, तिथून हा उत्सव सुरू झाला आणि १९९० पासून तो या वाळवंटात भरतो. सत्तर हजारांच्या आसपास माणसं आठवडाभर तंबू ठोकून राहतात. बर्फ सोडला तर विकत जवळजवळ काही मिळत नाही. पाणी, जेवण, निवारा, सगळं ज्याचं त्याने न्यायचं आणि उठताना काडीसुद्धा मागे ठेवायची नाही.

जागा म्हणजे आटलेल्या तळ्याचा तळ. मैलोन्‌मैल सपाट, एक झाड नाही, गवताचं पातं नाही. समुद्रसपाटीपासून उंची सुमारे १,२०० मीटर. दुपारी पारा ३५ ते ४० च्या घरात जातो आणि रात्री स्वेटर लागतो. मी सोलापूरच्या ४४ अंशांत वाढलोय, त्यामुळे आकड्याची भीती वाटली नव्हती. पण इथे घराची भिंत असते, लिंबाचं झाड असतं, गेलाबाजार एसटी स्टँडचं पत्र्याचं छत तरी असतं. तिथे सकाळी आठलाच तंबूची भट्टी होते आणि बाहेर पडून बसावं म्हटलं तर बसायला सावलीच नाही.

गेल्या वर्षी आम्ही घडीचा चार पायांचा मांडव विकत घेतला होता, इथे चौकात सिमकार्ड विकणारे लावतात तसला. दुसऱ्या दिवशी दुपारी धुळीचं वादळ आलं. चारी पायांना पाण्याचे कॅन बांधले होते, ते कॅन घेऊनच मांडव उचलला गेला. मी एक पाय धरून उभा होतो. तो माझ्या हातातून निसटला आणि मित्राच्या भुवईवर बसला. सात टाके पडले. मित्र कधी एका शब्दाने बोलला नाही, पण मला ते अजून डाचतं. यंदा काहीही झालं तरी मांडव उडता कामा नये.

मोजमाप २० बाय २० फूट धरलंय. खाली चार छोटे तंबू आणि बसायला थोडी जागा. पाईप तिथेच घेईन, जाळी किंवा कापड मात्र इथून शिवून न्यायचा विचार आहे, कारण सोलापुरात शिवणारे हात आहेत आणि समोर बसून करून घेता येतं. कोणती जाळी घेऊ? किती टक्के ऊन अडवणारी, कोणत्या रंगाची? ताडपत्री चालेल का? आणि जमिनीला बांधायचं कसं?

डाळिंबवाला_सांगोला

ताडपत्री अजिबात नको. खाली ऊब कोंडते आणि वारा अडतो. शेडनेटच घ्या.

रंगाचं माझ्या अनुभवातून सांगतो. आमच्याकडे रोपवाटिकेवर हिरवी जाळी आहे आणि डाळिंबाच्या फळाला उन्हाचा चट्टा पडू नये म्हणून बागेवर पांढरं आच्छादन असतं. दुपारी दोन्हींखाली काम करून बघा, फरक लगेच अंगाला कळतो. हिरवी, काळी जाळी ऊन पिते, स्वतः तापते आणि ती ऊब खाली सोडते. पांढरी बरंचसं ऊन परत फेकते. चांदीसारखी चकाकणारी जाळीही मिळते, ती त्याहून बरी पण महाग. ५० टक्क्यांची माणसांना कमी पडेल. ७५ घ्या. ९० टक्क्यांची घेतलीत तर ती वाऱ्याला जवळजवळ ताडपत्रीसारखीच लागेल.

दुकानात तीन मीटर पन्ह्याचं बंडल असतं. दोन पट्टे जोडावे लागतील. जाळी कधी मधे फाटत नाही, फाटते ती दोरी ओवायच्या रिंगेपाशी. काठ दुहेरी दुमडून आत दोरी घालून शिवून घ्या आणि ओढ त्या दोरीवर येऊ द्या. एकट्या रिंगेच्या भरवशावर राहिलात तर पहिल्याच वाऱ्यात रिंग हातात येईल.

मांडवकरी

बाळा, तुझा प्रश्न दोनदा वाचला. मी सध्या पंढरपुरात आहे. पासष्ट एकरावर दिंड्यांचे तंबू उभे करायचं काम चाललंय, म्हणून आता रात्री निवांत लिहितोय. धंदा वडिलांपासूनचा. मी स्वतः बत्तीस वर्षं मांडव घालतोय.

सावली काय, चार काठ्या आणि एका लुगड्याचीही होते. ती संध्याकाळपर्यंत टिकते का, हे वारा ठरवतो. म्हणून मी वाऱ्याचंच सांगणार आहे.

मोहोळकडचं एक लग्न होतं, मे महिना, दुपारी साडेचारचा सुमार. अक्षता पडून पंगती बसल्या होत्या. पश्चिमेकडून धूळ उठली. कापड वाऱ्यात फडफडतं तोवर भ्यायचं कारण नसतं. फडफड म्हणजे वारा येतोय आणि जातोय. पण एक क्षण असा येतो की मांडव एकदम गप्प होतो. पोटात वारा भरला की कापडाला हलायला जागाच राहत नाही, ते फुगून ताठ होतं. ती शांतता मी ऐकली आणि 'उठा, उठा' म्हणून ओरडलो. तेवढ्यात पश्चिमेकडच्या सहा खुंट्या मुळासकट वर आल्या. एका म्हाताऱ्या आजींच्या खांद्यावर पाईप पडला, हाड मोडलं. पुढे तीन महिने मी दर रविवारी त्यांच्या घरी जात होतो.

चूक माझीच होती. ताडपत्री चारी बाजूंनी जमिनीपर्यंत आवळली होती, वाऱ्याला आत यायला फट होती आणि बाहेर जायला वाट नव्हती. शिवाय खुंट्या सरळ उभ्या ठोकल्या होत्या. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते. खुंटी भेगेत गेली की ती नुसती उभी दिसते, धरत कशालाच नाही. तेव्हापासून मी प्रत्येक खुंटी ठोकल्यावर पायाने हलवून बघतो. हलली की ती जागा सोडायची, हातभर बाजूला दुसरी ठोकायची.

आता तुझं काम. उंची आठ फुटांच्या वर नेऊ नको. उंच मांडव दिसायला छान दिसतो, पण वारा वर जोरात असतो आणि खांब जितका लांब तितका तो पहारीसारखा उलटतो. छताला मधे थोडा उंचवटा दे, अगदी सपाट ठेवलंस तर जाळी झोळीसारखी लोंबते आणि लोंबलेलं कापड दर झुळकीला आपटतं. आपटून आपटून गाठी सुटतात. मांडव एका फटक्याने पडल्याचं मी फार कमी पाहिलंय. रात्रभर आपटत राहतो आणि पहाटे पडतो.

खुंटीचं डोकं मांडवापासून बाहेर कललेलं हवं. दोर आणि खुंटी यांत काटकोन झाला पाहिजे. दोराचा फास खुंटीवर जमिनीला टेकेल इतका खाली ठेव. वर बांधलास तर खुंटी तरफेसारखी उपटली जाते. खांब जितका उंच, तितक्याच अंतरावर खुंटी, म्हणजे आठ फुटी खांबाचा ताण, खांब ओढून धरणारा दोर, खांबापासून आठ फुटांवर जमिनीला लागला पाहिजे. पोरं जागा वाचवायला म्हणून तीन फुटांवर ठोकतात, मग तो दोर खांबाला नुसता खाली दाबतो, आडवा धरत नाही.

आणि दोर वेगळा, खांबाचा पाय वेगळा. ताण दिला म्हणून पाय मोकळे सोडू नको. वारा खालून शिरला की अख्खा सांगाडा बेडकासारखा उडी मारतो. गेल्या वर्षी तुमचं तेच झालं. कॅनचं वजन कितीही असलं तरी ते जमिनीवर ठेवलेलंच असतं. प्रत्येक पायाशी एक खुंटी ठोक आणि पाय तिला आवळ.

जाळी पाईपला थेट दोरीने आवळू नको. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या बोटभर रुंद पट्ट्या काप आणि रिंग ते पाईप त्या पट्टीने बांध. ट्रकवाले ताडपत्रीला लावतात तशा. झटका आला की रबर ताणतं, रिंग वाचते. दोराला सुरगाठ मार, निरगाठ नको. वादळात गाठ हाताने एका ओढीत सुटली पाहिजे, सुरी शोधत बसायला वेळ नसतो.

रोज सकाळी आणि वारा सुटायच्या आधी प्रत्येक ताण बोटाने छेडून बघ. आमचे वडील तसं करायचे, आम्हाला वाटायचं म्हाताऱ्याचा छंद आहे. सगळे दोर साधारण एका आवाजात वाजले पाहिजेत. एखादा ढबढब वाजला म्हणजे त्याची खुंटी सरकली आणि त्याचं ओझं शेजारच्या दोघांवर गेलं.

तू वाळवंट म्हणालास तेव्हा मला आधी चंद्रभागेचं वाळवंट आठवलं. वाळूत खुंटी धरतच नाही. वडील तिथे पोतं वाळूने भरून, त्याला दोर बांधून कमरेइतक्या खोल खड्ड्यात पुरायचे. कुणी राजस्थानात जैसलमेरजवळ समच्या टेकड्यांवर तंबू लावणार असेल तर त्याने तेच करावं. पण तू आटलेल्या तळ्याचा तळ म्हणतोस. म्हणजे आपला हिप्परग्याचा तलाव दुष्काळी सालात उघडा पडतो तसली घट्ट जमीन. तिथे पोत्याचं काम नाही. दोन फुटी लोखंडी सळई घणाने ठोक, आधी पहारीने भोक पाडून घे.

जाळीच्या खाली बसायच्या जागेपुरतं साधं मांजरपाट एक फूट अंतर सोडून बांध. आमच्या धंद्यात ताडपत्रीखाली कापडी छत लावतात ते शोभेसाठी असं लोकांना वाटतं. वरचं तापतं, मधल्या फटीतून वारा ऊब घेऊन जातो आणि खालचं कापड हाताला गार लागतं. मे महिन्यातल्या लग्नात म्हाताऱ्या माणसांना मी त्या फटीखालीच बसवतो.

पॉलिटेक्निकच्या_बाई

मांडवकरी यांचा प्रतिसाद मी माझ्या विद्यार्थ्यांना वाचून दाखवणार आहे. मी स्थापत्य शिकवते, त्यामुळे त्यांच्या अनुभवाला आकड्यांची जोड देते.

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग मीटर-प्रतिसेकंदात घेऊन त्याचा वर्ग केला आणि ०.६१ ने गुणला की दर चौरस मीटरवरचा दाब न्यूटनमध्ये मिळतो. ताशी ४० किलोमीटरला तो साधारण पावणेआठ किलो वजनाइतका होतो. ताशी ८० ला चौपट, म्हणजे सुमारे ३१ किलो. तुमचं छत ३७ चौरस मीटर आहे. ते फुगून वाऱ्याला पूर्ण आडवं आलं तर ४० च्या वाऱ्यात पावणेतीनशे-तीनशे किलो, आणि ८० च्या वाऱ्यात साडेअकराशे किलोची ओढ. वीस-वीस लिटरचे चार कॅन म्हणजे ऐंशी किलो. गेल्या वर्षी तुमच्या हातातून तो पाय निसटला यात तुमचा काही दोष नव्हता, चार माणसांनी धरला असता तरी तो निसटलाच असता. जाळीतून बराच वारा निघून जातो, त्यामुळे प्रत्यक्ष भार यापेक्षा कमी येईल, पण मी तरी पूर्ण भार धरूनच खुंट्या मोजेन. बाहेरच्या बाजूला बारा ताण, कोपऱ्यांवर दोन-दोन, हे मला किमान वाटतं.

दुसरी गोष्ट अजून कुणी लिहिली नाही, ती सूर्याची. आपण सोलापूरकर सावलीचा विचार डोक्यावरच्या उन्हाच्या हिशेबाने करतो. सोलापूर साडेसतरा अंशांच्या थोडं पुढे आहे. मेच्या दुसऱ्या आठवड्यात इथे शून्य सावलीचा दिवस येतो, सूर्य अगदी माथ्यावर. आम्ही दर वर्षी मुलांना मैदानात नळकांडं उभं करून ते दाखवतो. अशा दिवशी मांडवाची सावली मांडवाच्या पायाशीच पडते.

ब्लॅक रॉक जवळजवळ ४१ अंश उत्तरेला आहे. ऑगस्टच्या शेवटी तिथे भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून ५८ अंशांपर्यंतच चढतो आणि तोही घड्याळात एकच्या सुमारास. आठ फूट उंच छताची सावली तेव्हा पाच फूट उत्तरेला सरकलेली असेल. चार वाजता ती दहा फूट पूर्वेकडे, म्हणजे तुमची अर्धी सावली मांडवाबाहेर. साडेपाचला जवळपास वीस फूट सरकते. अख्खी सावली शेजाऱ्याच्या अंगणात आणि तुम्ही छताखाली बसून उन्हात! छत कितीही चांगलं केलंत तरी तिसऱ्या प्रहरानंतर त्याचा उपयोग नाही. पश्चिमेला आणि दक्षिणेला उभी जाळी हवीच. तंबू मांडवाच्या बरोबर मधे न लावता उत्तर-पूर्वेच्या कोपऱ्याकडे सरकवून लावा.

अडचण एवढीच की पश्चिमेची भिंत वाऱ्याच्या तोंडावर आली तर वरचा सगळा हिशेब तिलाही लागू होतो. तिथे वारा बहुधा कोणत्या दिशेने येतो, ते गेलेल्यांपैकी कुणी सांगेल का?

बार्शी_ते_रीनो

मी सांगते. माहेर बार्शीचं, सध्या राहते रीनोला, बर्निंग मॅनला तीनदा गेलेय. जोराचा वारा बहुतेक वेळा नैर्ऋत्येकडून, दुपारनंतर. म्हणजे बाईंना जी शंका आली तेच आहे. ज्या बाजूला भिंत हवी, त्याच बाजूने वारा.

आम्ही दुसऱ्या वर्षापासून असं करतो. पश्चिमेची जाळी उभी सरळ सोडत नाही. वरच्या पाईपपासून तिरकी बाहेर जमिनीकडे आणतो, तंबूच्या उतारासारखी, आणि खालची कड जमिनीपासून वीतभर वर ठेवून खुंट्यांना बांधतो. वारा तिच्यावरून चढून जातो, काही आरपार जातो आणि खालच्या फटीतून थोडा आत येतो. पूर्व आणि उत्तर पूर्ण उघडी. वादळ येताना दिसलं, आणि ते दिसतं, पांढरी भिंत चालत यावी तसं, की ही जाळी खालून सोडून गुंडाळतो आणि वरच्या पाईपला बांधून टाकतो. त्यासाठीच मांडवकरी मामांची सुरगाठ.

मामा, तुमच्या एका गोष्टीला मात्र नम्रपणे विरोध करते. पहारीने भोक, खड्डा यातलं तिथे काही करायचं नाही. बुजवलेला खड्डा पुढच्या वाऱ्यात पुन्हा उघडा पडतो. सळई ठोकता येते, पण ती तळ्याची माती अशी आवळते की आठवड्याने उपटताना रडू येतं. आमच्या पहिल्या वर्षी शेवटच्या दिवशी चार सळया काढायला तीन तास लागले, हाताला फोड आले. शिवाय रात्री अंधारात सळईच्या टोकावर पाय पडून लोक जखमी होतात. ठोकलीतच तर टोक वाकवून घ्या किंवा वर टेनिस बॉल खोचा.

आता बरेचजण लॅग स्क्रू वापरतात. षटकोनी डोक्याचा, अर्धा इंच जाड, बारा ते चौदा इंच लांब स्क्रू. डोक्याखाली वॉशर आणि साखळीच्या दोन-तीन कड्या अडकवायच्या आणि बॅटरीवरच्या इम्पॅक्ट ड्रायव्हरने सरळ जमिनीत पिळायचा. अर्ध्या मिनिटात आत जातो, उलटा फिरवला की अर्ध्या मिनिटात बाहेर. डोकं जमिनीला टेकलेलं असतं, त्यामुळे ठेच लागत नाही. मामा म्हणतात तो फास जमिनीलगत ठेवायचा नियम इथे आपोआपच पाळला जातो. ड्रायव्हरच्या दोन बॅटऱ्या न्या, आणि ताणासाठी रॅचेट पट्टे, खटक्याने आवळत जातात ते.

सांगाड्याला प्लास्टिकचे पीव्हीसी पाईप घेऊ नका. दोन माणसांच्या कमानीच्या झोपडीला ते चालतात, वीस फुटांना नाही. हार्डवेअरच्या दुकानात दहा फुटी गॅल्वनाइज्ड कॉन्ड्युट मिळतो, वायरिंगसाठी असतो तो. एक इंची घ्या. नऊ खांब आणि वर जोडणीचे सांधे, कोपऱ्यांना तीन तोंडांचे, कडांना चार आणि मधल्या खांबाला पाच तोंडांचा. खांब आठ फुटांवर कापून आणा.

धूळ पिठासारखी बारीक आणि खारट-चुनखडी असते. पायांना भेगा पडतात. पाण्यात थोडं व्हिनेगर घालून रोज पाय पुसा आणि नंतर खोबरेल लावा. ट्यूबच्या पट्ट्या चालतील, पण मोजून न्या आणि मोजून परत आणा. रबराचा एक तुकडा खाली पडला तरी तो शोधायची जबाबदारी तुमची. पाणी माणशी रोज दीड गॅलन, म्हणजे पावणेसहा लिटरच्या जवळ, असं आयोजकच सांगतात. त्यात कमी करू नका.

आणि जाळी म्हणजे पाऊस थांबवणारं छत नव्हे हे डोक्यात ठेवा. २०२३ मध्ये पाऊस झाला तेव्हा त्या धुळीचा असा चिखल झाला की बुटाला दर पावलाला किलोभर माती. गाड्यांची ये-जा बंद केली होती. प्रत्येक तंबूचं स्वतःचं पावसाचं आवरण सोबत असू द्या.

सात_रस्ता

मांडवातलं काही कळत नाही, पण कडक भाकरी आणि शेंगाची चटणी न्या. आठ दिवस काही होत नाही, फ्रिज लागत नाही. आणि सोलापुरी टॉवेल माणशी दोन. कोरड्या हवेत ओला टॉवेल मानेवर टाकला की अर्धं ऊन उतरतं. रात्रीला चादर आहेच.

जुळे_सोलापूर

सगळ्यांचे मनापासून आभार. दहा दिवस गप्प होतो, कारण काम चालू होतं. काय झालं ते सांगतो.

पांढरी ७५ टक्क्यांची जाळी घेतली. ताडपत्री शिवणाऱ्या काकांकडे दोन दिवस बसून छत आणि दोन भिंती शिवून घेतल्या. काठ दुहेरी, आत दोरी, दर दीड फुटाला रिंग. तीन मीटर पन्ह्याचे दोन पट्टे जोडून, शिवणीत थोडं जाऊन छत साडेएकोणीस फूट भरलं. आधी वाटलं चुकलं. काका म्हणाले, राहू दे, उरलेली चार बोटं रबराला लागतात. तेच बरोबर निघालं. सगळं मिळून वजन आठ किलो आठशे, विमानाच्या एका बॅगेत टॉवेल-चादरींसकट बसतंय.

मांडवकरी मामा आषाढी उरकून सोलापूरला आले आणि स्वतःचे पाईप टेम्पोत टाकून तुळजापूर रोडला माझ्या मावशीच्या शेतात घेऊन आले. पैसे घेतले नाहीत. पाऊस उघडला होता पण वारा चांगला होता. पहिल्यांदा मी आणि माझ्या चुलतभावाने उभा केला, मामा बांधावर बसून बघत होते, एक शब्द बोलले नाहीत. उभा झाल्यावर उठले आणि बारा दोर एकेक करून छेडत गेले. सातव्यापाशी थांबले. मला म्हणाले, वाजव. मी वाजवला. खरंच ढब आवाज आला, शेजारच्या दोरांसारखा टणक नाही. खुंटी दिसायला घट्ट होती. पायाने हलवली तर ओल्या मातीत दोन बोटं सरकली. इतके दिवस मी ते वाचत होतो, कळलं ते त्या आवाजाने.

मग पश्चिमेची जाळी ताईंनी सांगितली तशी तिरकी लावली. आधी सरळ लावून बघितली होती, तेव्हा वाऱ्याबरोबर कोपऱ्याचा खांब दर झुळकीला कण्हत होता. तिरकी केल्यावर आवाज थांबला. सुरगाठ डोळे मिटून सोडायचा सराव केला, कारण वादळात गॉगलवर धूळ बसली की दिसत नाही. चौथ्या प्रयत्नाला पूर्ण जाळी गुंडाळून बांधायला दोघांना पन्नास सेकंद लागले. परत गेल्यावर सातही जणांना हे शिकवणार आहे.

बाई, चार वाजता सावलीची कड चुन्याने आखली होती. इथे आत्ता भर दुपारी सूर्य जवळपास माथ्यावर असतो, तरी चारला ती नऊएक फूट पूर्वेला सरकली होती. तिथल्या दहा फुटांचा अंदाज आला. तंबू कोपऱ्यात सरकवून लावायचा नकाशा तयार केलाय.

ज्या मित्राला लागलं होतं त्याला काल व्हिडिओ कॉलवर शेतातला मांडव दाखवला. त्याने विचारलं, हा पाय कशाला बांधलाय? मी कॅमेरा खाली नेऊन खुंटी दाखवली.

एकच विचारायचं राहिलं. उतरवताना कुठून सुरुवात करायची? शेतात मामा होते म्हणून डोकं वापरावंच लागलं नाही.

मांडवकरी

पहाटे उतरव, वारा पडलेला असतो तेव्हा. आधी भिंती, मग छताची जाळी पूर्ण काढून घडी घाल, ती असताना एकाही खांबाला हात लावू नको. जाळी सोडताना वाऱ्याच्या उलट्या बाजूकडून, म्हणजे पूर्वेकडून सोडत जा. नैर्ऋत्येचा कोपरा शेवटी सोड आणि तो सोडेपर्यंत एक माणूस तिथे उभा असू दे. ट्यूबच्या पट्ट्या मी चौसष्ट मोजून दिल्यात.

जाऊन आलास की खुंट्या कशा धरल्या ते इथे लिही. ते लॅग स्क्रू मला बघायचेत.